भास्कराचार्य द्वितीय

भास्कराचार्य द्वितीय (जन्म : शके १०३६, इ.स. १११४, मृत्यू : इ.स. ११८५ च्या सुमारास) हे बाराव्या शतकातील थोर भारतीय गणितज्ञ व ज्योतिर्विद होते. 'सिद्धान्तशिरोमणि' हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग असून त्यांपैकी पहिले दोन भाग पुढे स्वतंत्र ग्रंथ म्हणूनच अभ्यासले गेले. सातव्या शतकात आर्यभटीयावर भाष्य लिहिणारे भास्कर यांच्याहून वेगळे ओळखता यावे म्हणून त्यांच्या नावापुढे 'द्वितीय' हे पद जोडले जाते. जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील शिलालेखामुळे त्यांच्या कुलाचा आणि ग्रंथांच्या अध्यापनपरंपरेचा खानदेशाशी असलेला संबंध निश्चित झाला आहे.

भास्कराचार्यांच्या गणितात उत्तर काढण्याच्या रीतीला जेवढे महत्त्व आहे, तेवढेच महत्त्व दिलेला प्रश्न सोडवण्याजोगा आहे की नाही हे आधी पारखण्याला आहे. अशा पूर्वपरीक्षेचे नियम त्यांच्या ग्रंथांत अनेक ठिकाणी आढळतात. त्यांच्या कार्याचा हा पैलू विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विशेष उद्‌बोधक असल्याने या लेखात त्याचा विस्ताराने परामर्श घेतला आहे.

कुल आणि काळ

भास्कराचार्यांनी आपल्याविषयीची मोजकी माहिती गोलाध्यायाच्या शेवटी दिली आहे. तीवरून त्यांचा जन्म शके १०३६ मध्ये झाला आणि वयाच्या ३६व्या वर्षी, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणि पूर्ण केला हे समजते. ते शांडिल्य गोत्राचे होते. त्यांचे वडील महेश्वर हे विद्वान ज्योतिषी असून तेच भास्कराचार्यांचे गुरू होते.

पाटणच्या शिलालेखात या घराण्याची वंशावळ दिलेली आहे. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कराचार्य, लक्ष्मीधर आणि चांगदेव असा तिचा क्रम आहे. यांतील भास्करभट्टाला भोज राजाने विद्यापती ही पदवी दिल्याचा उल्लेख आहे. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने आपल्या दरबारी पंडितांचे प्रमुखपद दिले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे मुख्य ज्योतिषी झाले. भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांचे नातू अनंतदेव हेही सिंघणाच्या आश्रयास होते. चाळीसगाव तालुक्यातीलच बहाळ येथे अनंतदेवांनी देवीचे मंदिर बांधल्याची नोंद शके ११४४ (इ.स. १२२२) च्या शिलालेखात आहे. अशा रीतीने विद्या पित्याकडून पुत्राकडे जाण्याची परंपरा या कुलात अनेक पिढ्या अखंड चालली.

जन्मस्थानाचा प्रश्न

भास्कराचार्यांनी आपल्या गावाचे नाव विज्जडविड असे दिले असून ते सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले आहे असे म्हटले आहे. हे गाव नेमके कोणते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. नामसादृश्याच्या आधारे काहींनी ते कर्नाटकातील विजापूर, तर काहींनी मराठवाड्यातील बीड मानले. तिसरे मत खानदेशाच्या बाजूचे आहे. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीपासून पूर्वेकडे निघालेल्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटण हे प्राचीन स्थळ आहे. तेथील पाटणादेवीचे मंदिर आज गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या परिसरात येते. घराण्यासंबंधीचा सर्वांत विस्तृत कोरीव पुरावा येथेच सापडला असल्याने विज्जडविड याच भागात असावे असे या मताचे पुरस्कर्ते मानतात.

तथापि शिलालेख आणि जन्मस्थान या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने पाटण येथे मठ स्थापन केला, हे शिलालेखाने सिद्ध होते. भास्कराचार्यांचा जन्म पाटण येथे झाला असे विधान त्यात नाही. त्याचप्रमाणे ते उज्जैनच्या वेधशाळेचे प्रमुख होते, ही अनेक पुस्तकांतून आढळणारी माहितीही त्यांच्या ग्रंथांच्या किंवा या शिलालेखाच्या आधारावर उभी नाही.

ग्रंथरचना

लीलावती हा पाटीगणिताचा, म्हणजे अंकगणित व क्षेत्रमापनाचा ग्रंथ आहे. मापनाच्या कोष्टकांपासून आरंभ करून आठ परिकर्मे, अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज, श्रेढी, क्षेत्रव्यवहार, छायाव्यवहार, कुट्टक आणि अंकपाश असा त्याचा विस्तार आहे. भुंग्यांचा थवा, हंसांचा कळप, खांबावरील मोर आणि बिळाकडे धावणारा साप अशा उदाहरणांमुळे तो विद्यार्थिप्रिय ठरला. मोराच्या उदाहरणात खांबाची उंची ९ हात आणि साप खांबापासून २७ हात दूर आहे. दोघे समान अंतर कापून बिळापासून १२ हातांवर एकमेकांस गाठतात. काटकोन त्रिकोणाचा सिद्धान्त विद्यार्थ्याच्या मनात ठसवण्याचे हे कौशल्य शिक्षकाचे आहे.

बीजगणितात धन व ऋण राशी, शून्य, करणी, कुट्टक, वर्गप्रकृती, चक्रवाल आणि एकापेक्षा अधिक अज्ञात राशींची समीकरणे येतात. अज्ञात राशींना काळा, निळा, पिवळा अशा रंगांची नावे दिलेली आहेत. ग्रहगणितात ग्रहांच्या मध्यम व स्पष्ट गती, ग्रहणे आणि दिशा, देश, काल यांचे प्रश्न आहेत. गोलाध्यायात त्या गणितामागील कारणे सांगितली असून वेध घेण्याच्या उपकरणांचेही वर्णन आहे. त्यांतील फलकयंत्र ही भास्कराचार्यांची स्वतःची रचना होय. सिद्धान्तशिरोमणीवर त्यांनी स्वतःच 'वासनाभाष्य' लिहिले. नियम सांगून न थांबता त्याची उपपत्ती देणे हा या भाष्याचा हेतू आहे. लल्लाच्या 'शिष्यधीवृद्धिद' या ग्रंथावरही त्यांनी विवरण लिहिले. 'करणकुतूहल' हा त्यांचा उत्तरकालीन ग्रंथ शके ११०५ (इ.स. ११८३) हे आरंभवर्ष धरून रचलेला आहे. त्या वेळी त्यांचे वय ६९ वर्षांचे होते.

प्रश्नाची पूर्वपरीक्षा

क्षेत्र आणि अक्षेत्र : क्षेत्रफळाचे सूत्र कोणत्याही संख्यांना लावता येते, परंतु त्या संख्यांचे क्षेत्र मुळात अस्तित्वात असले पाहिजे. सरळ भुजांच्या आकृतीत एक भुजा उरलेल्या भुजांच्या बेरजेइतकी किंवा तिच्याहून मोठी असेल, तर ती आकृती क्षेत्रच नव्हे, असा नियम लीलावतीत दिला आहे. त्यासाठी ३, ६, २ आणि १२ भुजांचा चौकोन व ३, ६ आणि ९ भुजांचा त्रिकोण ही दोन उदाहरणे आहेत. चौकोनात ३, ६ व २ यांची बेरीज ११, म्हणजे १२ पेक्षा कमी आहे. त्रिकोणात ३ व ६ यांची बेरीज बरोबर ९ असल्याने तिन्ही भुजा एकाच रेषेवर पडतात. शंका असल्यास त्या मापांच्या सरळ काड्या जमिनीवर मांडून पाहण्याचा उपायही भास्कराचार्यांनी सुचवला आहे.

अपुरी माहिती : चौकोनाच्या चार भुजा दिल्या म्हणजे त्याचे क्षेत्रफळ ठरले, असे गृहीत धरून चालणाऱ्यांवर लीलावतीत कठोर टीका आहे. अर्धपरिमितीतून प्रत्येक भुजा वजा करून येणाऱ्या चार संख्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेण्याची रीत पूर्वीपासून चालत आली होती. त्रिकोणाच्या अशाच रीतीने अचूक क्षेत्रफळ मिळते. चौकोनाची रीत मात्र वर्तुळात बसणाऱ्या चौकोनालाच लागू पडते. चार भुजा त्याच ठेवूनही कर्ण बदलता येतात, म्हणून एखादा कर्ण किंवा लंब सांगितल्याशिवाय प्रश्न विचारणारा आणि त्याचे उत्तर देणारा हे दोघेही दोषी आहेत, असे त्यांचे म्हणणे आहे.

हे दाखवण्यासाठी त्यांनी २५ समान भुजांचा चौकोन घेतला आहे. त्याचे कर्ण ३० व ४० असतील तर क्षेत्रफळ ६०० येते. कर्ण १४ व ४८ असतील तर ३३६ येते. आणि तो समचौरस असेल तर ६२५ येते. जुनी रीत तिन्ही वेळा ६२५ हेच उत्तर देते. चार बांधांची लांबी मोजून शेताचे क्षेत्र काढणाऱ्याने कर्ण मोजला नाही, तर ३३६ च्या जागी ६२५ अशी जवळजवळ दुप्पट नोंद होऊ शकते. गणनेत कोठेही चूक नसताना उत्तर चुकते; कारण न सांगितलेली एक अट रीतीने गुपचूप खरी मानलेली असते.

कुट्टक : एका संख्येला कशाने गुणावे, त्यात दिलेली संख्या मिळवावी आणि दुसऱ्या संख्येने भागावे, म्हणजे बाकी उरणार नाही, असा कुट्टकाचा प्रश्न असतो. या तीन संख्यांना अनुक्रमे भाज्य, क्षेप आणि हार म्हणतात. ग्रहांच्या फेऱ्यांच्या शेषावरून गेलेले दिवस काढण्यासाठी ज्योतिषात ही रीत लागे. तिचा पहिला टप्पा परीक्षेचा आहे. भाज्य आणि हार यांना ज्या संख्येने भाग जातो, तिने क्षेपालाही भाग गेला पाहिजे. तसे नसेल तर प्रश्न दुष्ट, म्हणजे सदोष आहे, असे समजून तेथेच थांबावे.

लीलावतीतील उदाहरणात भाज्य २२१, हार १९५ आणि क्षेप ६५ आहे. २२१ व १९५ यांचा महत्तम साधारण विभाजक १३ असून त्याने ६५ लाही भाग जातो. म्हणून तिन्ही संख्या लहान करून १७, १५ आणि ५ घेता येतात. १७ ला १५ ने भागल्यास भागाकार १ व बाकी २. १५ ला २ ने भागल्यास भागाकार ७ व बाकी १. भागाकार १ व ७, त्यांखाली क्षेप ५ आणि शेवटी ० अशी उभी वल्ली मांडतात. खालून वर येताना ७ गुणिले ५ अधिक ० म्हणजे ३५, आणि १ गुणिले ३५ अधिक ५ म्हणजे ४० मिळतात. ४० मधून १७ च्या पटी काढल्या की लब्धी ६ आणि ३५ मधून १५ च्या पटी काढल्या की गुणक ५ येतो. पडताळा असा : २२१ ला ५ ने गुणून ६५ मिळवल्यास ११७० होतात आणि त्यांना १९५ ने भागल्यास ६ येतात.

याच उदाहरणात ६५ ऐवजी ६० घेतले, तर कितीही शोधले तरी गुणक मिळणार नाही. २२१ ची प्रत्येक पट आणि १९५ ची प्रत्येक पट १३ च्या पाढ्यातील असते. त्यांतील अंतर ६० कधीच होऊ शकत नाही. परीक्षा आधी केली असेल तर हे एका भागाकारात कळते. केली नसेल तर शोध संपतच नाही.

कुट्टकात आणखी दोन अटी तपासाव्या लागतात. वल्लीतील भागाकारांची संख्या सम असेल तर आलेली उत्तरे तशीच घ्यावीत. विषम असेल तर ती आपापल्या भाजकातून वजा करावीत. क्षेप ऋण असेल तरीही तशीच वजाबाकी करावी. वरील उदाहरणात क्षेप उणे ६५ असल्यास गुणक १५ वजा ५ म्हणजे १० आणि लब्धी १७ वजा ६ म्हणजे ११ येते. रीत एकच, परिस्थितीनुसार तिची योग्य शाखा निवडण्याचा निर्णय नियमातच घातलेला आहे.

वर्गप्रकृती : एखाद्या वर्गाला दिलेल्या संख्येने गुणून त्यात १ मिळवल्यास पुन्हा वर्गच यावा, असा वर्गप्रकृतीचा मुख्य प्रश्न आहे. ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात त्याचा पाया घातला. भास्कराचार्यांनी बीजगणितात चक्रवाल रीतीने ६१ या गुणकाचा प्रश्न सोडवला आहे. त्याची सर्वांत लहान उत्तरे २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९ एवढी मोठी आहेत. हाच ६१ चा प्रश्न फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांनी १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे ठेवला होता.

१ मिळवण्याऐवजी वजा करायचा असेल, तर मात्र आधी परीक्षा सांगितली आहे. दिलेला गुणक दोन वर्गांची बेरीज नसेल तर तो प्रश्न खिल, म्हणजे निष्फळ समजावा. १३ ही संख्या ४ व ९ या वर्गांची बेरीज आहे. ५ चा वर्ग २५, त्याची १३ पट ३२५, त्यातून १ वजा केल्यास ३२४ म्हणजे १८ चा वर्ग मिळतो. याउलट ७ ही संख्या दोन वर्गांची बेरीज नसल्याने तिच्या वाटेला जाण्याचे कारण नाही. मात्र या परीक्षेची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. भास्कराचार्य अपूर्णांकातील उत्तरे ग्राह्य धरीत. ३४ ही २५ व ९ यांची बेरीज असून एक तृतीयांश घेतल्यास तिचे उत्तर पाच तृतीयांश मिळते. पण पूर्णांकात तिला उत्तर नाही. पूर्णांकांपुरते पाहिल्यास परीक्षेत नापास झालेला प्रश्न निश्चितपणे सोडून देता येतो. परीक्षेत पास झालेल्या प्रश्नाला उत्तर असेलच अशी हमी मात्र मिळत नाही.

शून्याचा हार : शून्याने भागलेल्या राशीला भास्कराचार्यांनी खहर असे नाव देऊन ती अनंत मानली. पुढे काही क्रिया करावयाच्या असतील, तर शून्याने गुणलेली राशी लगेच शून्य न करता तशीच मांडून ठेवावी, असे ते सांगतात. एका उदाहरणात अज्ञात राशीला शून्याने गुणून, तिचे अर्ध मिळवून, तिप्पट करून, शून्याने भागल्यावर ६३ येतात असे दिले असून त्याचे उत्तर १४ काढले आहे. आधुनिक गणितात शून्याने भागाकार ही क्रियाच अर्थहीन मानली जाते. सीमेची कल्पना घेतली तर या उदाहरणाला अर्थ देता येतो. परंतु इतरत्र इतकी काटेकोर असलेली पूर्वपरीक्षा या ठिकाणी अपुरी पडली आहे, हे मान्य करावे लागते.

करणकुतूहल आणि स्थानिक मूल्ये

सिद्धान्तग्रंथात कल्पाच्या आरंभापासून ग्रहगणित केले जाते. त्यामुळे संख्या फार मोठ्या होतात. करणग्रंथात जवळचे एक वर्ष आरंभ म्हणून निवडून त्या क्षणाची ग्रहस्थाने आधीच काढून ठेवलेली असतात. पंचांगकर्त्याला तेथून पुढचेच गणित करावे लागते. करणकुतूहलात शके ११०५ साठी अशी मूल्ये कायम केलेली आहेत. ग्रंथकाराने एकदा केलेले कष्ट पुढे प्रत्येक वापरणाऱ्याचे वाचतात.

आरंभवर्ष सर्वांना एकच असले तरी स्थळ प्रत्येकाचे वेगळे असते. त्यासाठी पलभा हे मूल्य वापरणाऱ्याने स्वतः ठरवायचे असते. विषुवदिनी मध्यान्ही १२ अंगुळे उंचीच्या शंकूची जेवढी सावली पडते, तिला पलभा म्हणतात. जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे २१ उत्तर अक्षांशाच्या आसपास असल्याने तेथील पलभा सुमारे ४.६ अंगुळे भरते. पाटण थोडे दक्षिणेस असल्याने तेथे ती साडेचार अंगुळांहून किंचित कमी येते. भास्कराचार्यांच्या रीतीप्रमाणे पलभेला १०, ८ आणि ३ पूर्णांक एक तृतीयांश यांनी गुणले असता चरखंडे मिळतात. जळगाव-धुळ्यासाठी ती सुमारे ४६, ३७ आणि १५ पळे, म्हणजे एकूण ९८ पळे होतात. एक पळ २४ सेकंदांचे असल्याने ही ३९ मिनिटे झाली. म्हणजे वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य सहाच्या ३९ मिनिटे आधी उगवतो आणि तितकाच उशिरा मावळतो. दिनमान सुमारे १३ तास १८ मिनिटांचे होते.

उज्जैनची पलभा सुमारे ५.१ अंगुळे आहे. तीच न बदलता धुळ्याच्या पंचांगात वापरली, तर अयनाच्या सुमारास सूर्योदयाच्या वेळेत चार ते पाच मिनिटांची चूक होते. गणित शुद्ध, सूत्र शुद्ध आणि तरीही फल अशुद्ध, असा प्रकार येथेही घडतो. म्हणून गणितास बसण्यापूर्वी आपली पलभा कोणत्या गावाची आहे हे पाहणे पंचांगकर्त्याचे पहिले कर्तव्य ठरते.

संगणकीय पूर्वतपासणीशी साम्य

भास्कराचार्यांच्या या पद्धतीचे संगणकशास्त्रातील एका संकल्पनेशी उद्‌बोधक साम्य आहे. सी ही संगणकभाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास विकसित केली. या भाषेतील आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर कंपायलर करतो आणि त्याआधी प्रीप्रोसेसर हा टप्पा पार पडतो. तो मॅक्रो नावाच्या संक्षिप्त नावांच्या जागी त्यांची ठरवलेली मूल्ये घालतो आणि 'इफ' किंवा 'इफडेफ' या आज्ञांतील अटी पाहून आज्ञावलीचा कोणता भाग ठेवावा व कोणता गाळावा हे निश्चित करतो. एकच आज्ञावली वेगवेगळ्या यंत्रांसाठी किंवा वेगवेगळ्या सोयींसह तयार करावयाची असता हे पर्याय मॅक्रोंच्या रूपाने दिले जातात. जसे एकाच करणग्रंथातून निरनिराळ्या पलभांनी निरनिराळ्या गावांची पंचांगे तयार होतात, तसाच हा प्रकार आहे.

निवडलेले पर्याय परस्परविरोधी असतील, तर 'एरर' या आज्ञेने रूपांतर तेथेच थांबवता येते. कुट्टकाचा प्रश्न दुष्ट ठरवून गणना न करण्याशी याचे साम्य स्पष्ट आहे. यातील एक धोका मात्र लक्षणीय आहे. ज्या नावाची व्याख्याच केलेली नाही असे नाव 'इफ'च्या अटीत आले, तर प्रीप्रोसेसर त्याचे मूल्य शून्य धरतो आणि सहसा कोणतीही सूचना न देता पुढे जातो. नावातील एक अक्षर चुकले, तरी हवा असलेला पर्याय निमूटपणे बंद होतो. पर्याय हेतुपूर्वक बंद ठेवला आहे की तो सांगायचाच राहिला आहे, हा भेद पुसला जातो. यासाठी नावाची व्याख्या झाली आहे का हे 'डिफाइन्ड'च्या साहाय्याने आधी तपासावे, नसल्यास रूपांतर थांबवावे आणि त्यानंतरच मूल्य पाहावे, अशी काळजी घेतली जाते. कर्ण न सांगितलेल्या चौकोनाचे क्षेत्रफळ ६२५ सांगणारी रीत नेमकी याच दोषाची आहे.

३४ या गुणकाच्या उदाहरणाप्रमाणे या तपासणीलाही मर्यादा आहेत. प्रीप्रोसेसरला केवळ पूर्णांक स्थिरांकांच्या अटी समजतात. राशीचा प्रकार स्मृतीत किती जागा व्यापतो हे त्याला कळत नाही. तशा तपासणीसाठी सी भाषेच्या २०११ च्या प्रमाणात वेगळी सोय करण्यात आली. भास्कराचार्यांचे गणित आणि ही संगणकभाषा यांच्यात कोणताही ऐतिहासिक संबंध नाही. पायऱ्यापायऱ्यांनी काम करणाऱ्या कोणत्याही रीतीला, ती पाटीवर चालो वा यंत्रात, तिच्या अटी आधी पारखाव्या लागतात, एवढाच या तुलनेचा अर्थ आहे.

पाटणचा मठ आणि शिलालेख

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी पाटण येथे मठ स्थापन केला. सिद्धान्तशिरोमणि आणि भास्कराचार्यांचे व त्यांच्या कुळातील इतरांचे ग्रंथ तेथे शिकवले जावेत हा त्याचा उद्देश होता. या प्रदेशावर त्या वेळी यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याची सत्ता होती. त्या घराण्यातील सोइदेव याने शके ११२८ (इ.स. १२०७) मध्ये श्रावण पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाच्या वेळी मठाला दान दिले. त्याचा धाकटा भाऊ हेमाडिदेव यानेही दान दिल्याची नोंद आहे.

लेखाचा मुख्य भाग संस्कृतात असून शेवटी जुन्या मराठीतील गद्य मजकूर आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला मिळणारा वाटा, तेलाच्या घाण्यांकडून द्यावयाचे तेल अशा नेमणुकांचा तपशील या मराठी भागात येतो. कुलाची प्रशस्ती संस्कृतात आणि व्यापाऱ्याने व तेल्याने काय द्यावयाचे ते त्यांच्या बोलीत, अशी ही विभागणी आहे. त्यामुळे मराठी भाषेच्या प्रारंभीच्या लेखांतही या शिलालेखाची गणना होते.

हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणून १८६५ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे जर्मन संस्कृतज्ञ कीलहॉर्न यांनी एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडात त्याचे संपादन केले. त्या काळी संपूर्ण खानदेश हा एकच जिल्हा असून त्याचे मुख्यालय धुळे येथे होते. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाल्यावर चाळीसगाव आणि त्याबरोबर पाटण पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात आले.

लीलावतीची आख्यायिका

लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती; तिच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी ठेवलेल्या घटिकापात्रात मोती पडून छिद्र बुजले, मुहूर्त टळला आणि तिच्या सांत्वनासाठी वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ रचला, अशी कथा प्रसिद्ध आहे. ही कथा अकबराच्या आज्ञेवरून फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या लीलावतीच्या फारसी अनुवादात येते. हा अनुवाद मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी झाला. मूळ ग्रंथात बालेला, मित्राला, वाण्याला अशी वेगवेगळी संबोधने आढळतात. कन्येच्या विवाहाचा प्रसंग त्यात नाही. म्हणून ही कथा आख्यायिका म्हणूनच वाचणे योग्य ठरते.

टीका, अनुवाद आणि अभ्यास

लीलावतीवर अनेक टीका लिहिल्या गेल्या. त्यांपैकी कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांची १५४५ मधील 'बुद्धिविलासिनी' उपपत्तींमुळे विशेष मान्यता पावली. बीजगणितावर कृष्ण दैवज्ञ यांची टीका महत्त्वाची मानली जाते. अताउल्ला रशीदी यांनी शाहजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये, बीजगणिताचा फारसी अनुवाद केला. इंग्रजीत जॉन टेलर यांचा लीलावतीचा अनुवाद १८१६ मध्ये मुंबईत छापला गेला आणि १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी लीलावती व बीजगणित या दोहोंचा अनुवाद प्रसिद्ध केला. बापूदेव शास्त्री यांनी सिद्धान्तशिरोमणीचे संपादन केले. मराठीत शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) या ग्रंथात भास्कराचार्यांच्या कार्याचे साधार विवेचन आहे. ना. ह. फडके यांच्या 'लीलावती पुनर्दर्शन' (१९७१) या पुस्तकाने लीलावती मराठी वाचकाला आधुनिक परिभाषेत उपलब्ध करून दिली.

स्मृती

७ जून १९७९ आणि २० नोव्हेंबर १९८१ रोजी अवकाशात सोडण्यात आलेल्या भारताच्या दोन पृथ्वीनिरीक्षक उपग्रहांना भास्कर हे नाव देण्यात आले. २०१४ मध्ये भास्कराचार्यांच्या जन्माला ९०० वर्षे पूर्ण झाली. पाटणच्या मठात त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत यासाठी तेराव्या शतकाच्या आरंभी खानदेशातील बाजारपेठेने आपल्या उत्पन्नाचा वाटा दिला होता. त्या परंपरेचा कोरीव पुरावा म्हणून पाटणचा शिलालेख गणिताच्या आणि मराठी भाषेच्या अभ्यासकांना सारखाच मोलाचा वाटतो.